माकड, कुत्रा आणि नवरा : पाउला रेगोची चित्रं

आज एका चित्रापासून सुरुवात करू. चित्रात एक बाई आहे, तिच्या हातात भली मोठी कात्री. समोर लाल रंगाचं माकड. बाईनं माकडाचं शेपूट कापलंय आणि माकड भडाभडा ओकतंय. चित्राचं नाव काही लपवत नाही : ‘बायको लाल माकडाचं शेपूट कापते’. साल १९८१. चित्रकार पाउला रेगो, लंडनमध्ये राहणारी पोर्तुगीज बाई, तेव्हा वय ४६.

हे चित्र पहिल्यांदा बघणारा माणूस बहुतेक वेळा हसतो. लहान मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकातलं पान वाटतं. रंग सपाट, रेघा घाईच्या. मग ‘बायको’ या शब्दापाशी गाडी अडते. माकडाची बायको माकडीण नाही, चांगली माणूस आहे. मग माकड कोण?

व्हिडिओत ही चित्रं पडद्यावर होती. पुस्तकात ती नाहीत, म्हणून वर्णन जरा जास्त करतो आहे. ते कंटाळवाणं वाटलं तर थोडं सोसून घ्या, कारण सगळी गंमत तपशिलात आहे.

पाउलाचा जन्म लिस्बनचा, २६ जानेवारी १९३५. त्या वेळी पोर्तुगालवर सालाझारची हुकूमशाही होती. आपल्या गोव्याच्या मंडळींना सालाझार कोण हे सांगायची गरज नाही. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांची सभा झाली तीच मुळी सभा घेण्याच्या हक्कासाठी. पण हे आपण बरेचदा विसरतो की तीच मुस्कटदाबी खुद्द पोर्तुगालमध्ये पोर्तुगीजांचीही चालू होती. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, मागे गुप्त पोलीस, आणि बायकांवर याच्याही वर आणखी एक कुलूप : लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय देशाबाहेर जाता येत नसे. १९६९ पर्यंत हे असंच होतं.

पाउलाचे वडील इंजिनियर, उदारमतवादी, इंग्लंडचे चाहते. ती वर्षा-दीड वर्षाची असताना आईवडील कामासाठी इंग्लंडला गेले आणि तिला आजीकडे ठेवून गेले. तिथे घरातल्या बायकांकडून गोष्टी ऐकणं हा तिचा उद्योग. पोर्तुगीज लोककथा काही गोड नसतात. हातपाय तुटतात, माणसं खाल्ली जातात. पोर मोठी झाल्यावर वडिलांनी तिला स्पष्ट सांगितलं की हा देश बायकांसाठी नाही, इथून बाहेर पड. सोळाव्या वर्षी ती इंग्लंडमधल्या शाळेत गेली आणि १९५२ ला लंडनच्या स्लेड कलाशाळेत.

तिथे तिला व्हिक्टर विलिंग भेटला. तिच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा, देखणा, हुशार, स्लेडमधला चमकता तारा, आणि लग्न झालेला. तिला दिवस गेले. तिनं घरी कळवलं. आता आपल्याकडच्या १९५० च्या दशकातल्या एखाद्या बापाची कल्पना करा. या बापानं काय केलं? गाडी काढली, पोर्तुगालहून लंडन गाठलं आणि मुलीला घरी घेऊन गेला. १९५७ ला व्हिक्टर आपली पहिली बायको सोडून पोर्तुगालला आला, समुद्रकाठच्या एरिसेइरा गावात दोघांनी घर केलं, १९५९ ला लग्न झालं. पुढे तीन मुलं.

पुष्कळ वर्षांनी, १९८२ ला, तिनं एक चित्र काढलं : ‘गरोदर ससा आईवडिलांना सांगते’. मराठीत इथे पंचाईत होते. सशीण म्हणावं तर शब्द कानाला खटकतो आणि ससा म्हणावं तर लिंग चुकतं. पण चित्राला ती पंचाईत नाही. ससा खाली मान घालून उभी आहे, आणि समोरचे आईवडील ससे नाहीतच, दुसऱ्याच जातीचे प्राणी आहेत. घरात ती बातमी सांगणाऱ्या मुलीला त्या क्षणी आईबाप कसे दिसतात, हे एवढ्या थोडक्यात सांगितलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

थोडं मागे जाऊ. सुरुवातीला पाउला प्राणी वापरायची ते राजकारणासाठी. १९६० ला तिनं ‘सालाझार मातृभूमी ओकतोय’ हे चित्र काढलं. तेव्हा गोवा अजून त्याच्याच ताब्यात होता हे लक्षात ठेवा. १९६५ चं ‘बार्सिलोनाचे कुत्रे’ हे चित्र एका बातमीवरून सुचलं. भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त करायचा म्हणून नगरपालिका त्यांना विषारी मांस घालणार, अशी ती बातमी होती. बार्सिलोना म्हणजे स्पेन, म्हणजे फ्रँको. कुत्रे म्हणजे कोण, हे बघणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं. सेन्सॉर असलेल्या देशात प्राणी हा पोशाख असतो. आपल्याला ही युक्ती नवी नाही. पंचतंत्रातला पिंगलक सिंह, संजीवक बैल आणि त्यांच्यात काडी घालणारा दमनक कोल्हा ही दरबाराचीच गोष्ट आहे. ती पहलवीत गेली, अरबीत ‘कलीला व दिम्ना’ झाली, आणि १६७८ ला फ्रान्सच्या ला फोंतेननं आपल्या नव्या नीतिकथांच्या पुस्तकात पिल्पाय या भारतीय ऋषीचं ऋण मान्य केलं.

पण या परंपरेत प्राण्याचा स्वभाव ठरलेला असतो. कोल्हा म्हटला की लबाड, गाढव म्हटलं की मूर्ख. पाउला पुढे जे करते त्यात हे नाही, आणि माझ्या मते तिचं खरं काम तिथेच सुरू होतं. तिचं माकड ‘माकडासारखं’ वागत नाही. तिचा कुत्रा इमानाचं प्रतीक नाही. तो अमुक एक माणूस आहे, अमुक एका घरातला.

त्या घरात काय चाललं होतं? १९६० च्या दशकात पाउलाचे वडील गेले, आणि त्याच सुमारास व्हिक्टरला मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचं निदान झालं. या आजारात मज्जातंतूंवरचं आवरण खराब होत जातं; हातपाय, तोल, नजर, एकेक गोष्ट हळूहळू हातातून सुटते. सासऱ्यांचा धंदा व्हिक्टरवर येऊन पडला. त्याला धंद्यातलं काही कळत नव्हतं. १९७४ ची क्रांती झाली, हुकूमशाही गेली, त्या उलथापालथीत धंदाही बुडाला. दोनएक वर्षांत कुटुंब कायमचं लंडनला आलं. याशिवाय, व्हिक्टरची बाहेरची प्रकरणं होती. तिच्या आयुष्यातही दुसरा पुरुष आला. हे सगळं पुढे मुलानं, निक विलिंगनं, आईवर केलेल्या २०१७ च्या माहितीपटात आईच्याच तोंडून आलं आहे, म्हणून इथे बोलतो. नाहीतर कुणाच्या घरात डोकवायचं आपल्याला कारण नाही.

पाउलाला नैराश्यानं घेरलं होतं. १९७३ पासून ती युंगच्या पद्धतीच्या मानसोपचारांना जात होती. १९७६ ला गुलबेंकियान प्रतिष्ठानाच्या पैशातून तिनं लंडनच्या ग्रंथालयात परीकथांचा अभ्यास केला. चित्रं मात्र अडली होती. ती चित्र काढायची, ते कापायची, तुकडे चिकटवायची. आणि हे कापणं-चिकटवणं आता तिला नकोसं झालं होतं.

अशात एकदा व्हिक्टरनं तिला आपल्या लहानपणच्या खेळण्यातल्या नाटकघराची आठवण सांगितली. त्यात तीन पात्रं होती : एक माकड, एक अस्वल आणि एक कान तुटलेला कुत्रा. झालं. पाउलानं कागद जमिनीवर अंथरले आणि ॲक्रिलिक रंगांत भराभर चित्रं सुरू केली. ‘लाल माकड अस्वलाला विषारी पारवा देतं’. ‘लाल माकड बायकोला मारतं’. ‘बायको लाल माकडाचं शेपूट कापते’. नवरा, बायको, तिसरा. तीन चित्रांत एका संसाराची गोष्ट, आणि पात्रं नवऱ्याच्याच खेळण्यांच्या पेटीतली!

वीस वर्षांपूर्वी सालाझार ओकत होता, आता माकड ओकतंय. हुकूमशहाला दिलेली शिक्षा तिनं नवऱ्याला दिली. शेपटाचं तर विचारू नका; शेपूट घालणं, शेपूट तुटणं, आपल्या भाषेतसुद्धा त्याचे अर्थ उघड आहेत. तिनं नंतर मुलाखतींतून सांगितलं आहे की माणसांकडून जे करवून घेता आलं नसतं ते प्राण्यांकडून करवून घेता आलं. आणि ज्याच्यावर हे सगळं चाललं होतं तो तिच्या चित्रांचा सगळ्यात जवळचा, सगळ्यात विश्वासाचा समीक्षक होता. चित्र पुरं झालं की ती आधी व्हिक्टरलाच दाखवायची. या घराचं गणित सरळ नव्हतं.

आता माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाच्या चित्रांकडे येतो. १९८६ आणि ८७. व्हिक्टर आता फारसा हलू शकत नाही. त्याच १९८६ ला लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं आणि घरी त्याला भरवायला, उठवायला, कपडे घालायला माणूस लागत होतं. पाउलानं चित्रांची एक मालिका काढली : मुलगी आणि कुत्रा.

या मालिकेत माकडाचा धिंगाणा नाही, ओकणं नाही. शांतता आहे, आणि ती जास्त भीतीदायक आहे. मुली दहा-बारा वर्षांच्या, पण दणकट; आखूड मान, जाड पोटऱ्या, चेहऱ्यावर मोठ्या बायकांची गंभीर समज. कुत्रा साधा, थकलेला. एका चित्रात मुलगी कुत्र्याचा जबडा धरून त्याच्या गळ्यावर वस्तरा आणते आहे. दाढी करते आहे, की गळा कापणार आहे? वस्तऱ्याची जागा दोन्ही कामांना एकच. एका चित्रात ती त्याचं तोंड उघडून औषध घालते आहे. कडू औषध लहान मुलाच्या घशाखाली उतरवणाऱ्या आईचा जो घट्ट हात असतो, तोच हात. एका चित्रात मुलगी कुत्र्यासमोर परकर वर धरून उभी आहे. ती त्याला भुलवते आहे की डिवचते आहे? कुत्रा नुसता बघतो. त्याच्या हातात आता काही उरलेलं नाही. १९८७ च्या ‘दोन मुली आणि एक कुत्रा’मध्ये दोघीजणी लुळ्या पडलेल्या कुत्र्याशी झटताहेत, निजलेल्या मुलाचे कपडे बदलावेत तसं. त्याच वर्षीच्या ‘सापळा’ या चित्रात मुलीनं कुत्र्याला उताणा पाडून त्याचे पुढचे पाय धरून ठेवलेत. खेळ असेल, झटापटही असेल. पुढ्यात एक खेकडा, तोही उताणा पडलेला.

पाउलानं पुढे उघड सांगितलं की कुत्रा म्हणजे व्हिक्.

ज्यांच्या घरात वर्षानुवर्षं अंथरुणावरचं माणूस आहे त्यांना ही चित्रं समजावून सांगावी लागत नाहीत. मराठीत आपल्याकडे ‘सेवा’ असा एक शब्द आहे. नवऱ्याची सेवा केली, सासूची सेवा केली. शब्द मोठा सुंदर, पण त्यात रागाला जागा नाही. भरवताना तोंड मिटून घेणाऱ्या माणसाचा येणारा संताप, ज्या माणसानं आपल्याला एकेकाळी रडवलं त्याचंच अंग पुसताना मनात येणारे विचार, आणि तरीही त्याच्या खांद्याचा ओळखीचा आकार हाताला लागल्यावर दाटून येणारी माया, हे सगळं त्या शब्दाच्या बाहेर राहतं. पाउलानं नवऱ्याला चाकावरच्या खुर्चीत बसलेला रंगवला असता तर आपण कळवळलो असतो आणि चित्र तिथेच संपलं असतं. आजारी नवऱ्यावर वस्तरा धरणारी बायको रंगवली असती तर ती खलनायिका ठरली असती. बायकोची मुलगी केली, नवऱ्याचा कुत्रा केला, आणि मग प्रेम, सूड, वासना, कीव, कंटाळा एकाच वस्तऱ्याच्या पात्यावर मावले.

याला कुणी लपवणं म्हणतात. मला ते पटत नाही. सालाझारच्या काळातल्या चित्रांत प्राणी लपवायला होते. इथे लपवायचं कुणापासून? सगळ्यात आधी चित्र बघणार तो व्हिक्टरच. कुत्रा त्याच्यासमोर ठेवून ती त्याला जे सांगत होती ते जेवणाच्या टेबलावर बसून कुठल्याच नवराबायकोला बोलता येत नाही.

१९८८ ला ‘कुटुंब’ या चित्रात कुत्र्याच्या जागी माणूस येतो. पलंगाच्या कडेला सूट घातलेला पुरुष; बायको आणि मुलगी त्याचे कपडे काढताहेत की चढवताहेत, कळत नाही. खिडकीपाशी दुसरी मुलगी हात जोडून उभी. मागे देवघरासारखं एक कपाट आहे. त्यावर संत जॉर्ज आणि संत जोन, आणि खाली चक्क आपल्या ओळखीची गोष्ट : कोल्हा आणि करकोचा. कोल्ह्यानं पसरट ताटलीत खीर वाढली आणि करकोच्यानं सुरईत, ती. इसापाच्या गोष्टीत दोघे एकमेकांची फजिती करतात आणि हिशेब मिटतो. या घरातला हिशेब कसा मिटणार हे चित्र सांगत नाही. त्याच वर्षी १ जूनला व्हिक्टर गेला.

त्यानंतरची वर्षं भराभर सांगतो, कारण आपला विषय पुन्हा १९९४ ला येतो. १९९० ला लंडनच्या नॅशनल गॅलरीनं तिला आपली पहिली सहयोगी कलाकार म्हणून बोलावलं. नाव झालं, स्टुडिओ मोठा झाला.

आणि मग ‘डॉग वूमन’, कुत्री झालेली बाई. एका पोर्तुगीज स्नेह्याकडून तिला एक गोष्ट मिळाली होती : एकटी राहणारी म्हातारी, सोबतीला घरातले प्राणी. रात्री धुराड्यातून वाऱ्याचा आवाज येतो, लहान मुलासारखा, आणि तो तिला सांगतो, खा यांना. म्हातारी हातापायांवर उतरते आणि खाते. पाउलानं आधी स्वतः आरशासमोर तसं बसून रेखाटन केलं. मग पेस्टलचे खडू घेतले. पेस्टलमध्ये ब्रश नसतो, रंग बोटांनी दाबावा लागतो. ते काम अंगमेहनतीचं. चित्रात घरगुती कपड्यांतली धट्टीकट्टी बाई उकिडवी बसली आहे, मान वळवून, तोंड उघडून गुरगुरते आहे.

या मालिकेतली इतर चित्रं बघा. एक बाई मालकाच्या कोटावर अंगाची मुटकुळी करून झोपली आहे. एकीला पलंगावरून हाकललंय. एक मान वर करून रडते आहे, कुत्रं रात्री रडतं तसं. धनी कुठल्याच चित्रात नाही. फक्त त्याचा कोट आहे, पलंग आहे.

म्हणजे सात वर्षांत कुत्रा पलीकडून अलीकडे आला. तेव्हा तो होता, आता ती आहे. जिच्या हातात वस्तरा होता तीच आता दाराकडे डोळे लावून बसली आहे.

आपल्याकडे बाईला कुत्री म्हणणं ही शिवी आहे, इंग्रजीतही आहे. त्यामुळे ही चित्रं बाईची मानहानी करतात असा आक्षेप येणारच. पाउलाचं म्हणणं उलट होतं. तिच्या लेखी कुत्री होणं म्हणजे दबून राहणं नव्हे. खाणं, गुरगुरणं, चाटणं, चावणं, शरीराची ही ताकद तिला चांगलीच वाटत होती. मला दोन्ही बाजू त्या चित्रांतच दिसतात. कोटावर झोपलेली बाई लाचारही आहे, आणि तिला हात लावायची कुणाची छाती होणार नाही हेही खरं.

या चित्रांसाठी बसलेली बाई कोण, ते सांगायचं राहिलं. तिचं नाव लीला नूनेश. नाव आपल्यासारखं वाटलं तरी ती पोर्तुगीज. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ती तरुणपणी लंडनला आली ती व्हिक्टरची देखभाल करायला. पुढे पाउलासाठी बसू लागली आणि कितीतरी वर्षं बसत राहिली. पाउलाच्या चित्रांत पाउलाच्या जागी बहुतेक वेळा लीलाच असते. ज्या माणसाला या दोघींनी मिळून उचललं, भरवलं, निजवलं, तो गेल्यावर सहा वर्षांनी एक जमिनीवर हातापायांवर बसली आणि दुसरी खडू घेऊन समोर. कशाचं चित्र चाललंय हे त्या खोलीत कुणी कुणाला समजावलं नसणार.

पाउला ८ जून २०२२ ला लंडनमध्ये गेली. लिस्बनजवळ कशकाइश गावात २००९ पासून तिच्या चित्रांचं संग्रहालय आहे, सोतो द मोरा या वास्तुविशारदानं बांधलेलं, लाल मातीच्या रंगाचं, दोन मोठ्या धुराड्यांसारखे मनोरे असलेलं. नाव ‘काझा दाश इश्तोरियाश’, गोष्टींचं घर. लिस्बनहून लोकल गाडी जाते, समुद्राच्या कडेकडेनं. गोव्याच्या कितीतरी मंडळींचे नातेवाईक लिस्बनला आहेत. जाणं झालं तर एक दिवस राखून ठेवा.